वाकड्या शेपटीची बोटुकली

जासई
९ जानेवारी २०२४

रंजू,

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पानी पी. घरात सगळे ठीक हायेत. फोनवर आपन दोघी एकदमच बोलतो. तू म्हनतेस "वहिनी, ऐक ना," मी म्हनते "आधी तू ऐक," आनि तेवढ्यात माझी भाजी करपते. म्हनून लिहायला बसले. धनेश टेम्पो घेऊन तुर्भ्याच्या मार्केटला जातो, तो वाटेत जुईनगरला तुझ्या दारात टाकील. तुझा चुलतभाऊ असला तरी त्याला चहाला बसवू नको, मग माझी मासळी उन्हात राहते.

तळ्याचं कायतरी बिघडलंय. पावसाळ्यात तुझ्या दादानं मासळीला इंजेक्शन देऊन पिल्लं काढली होती, ती आता बोटाएवढी झाली. जाळं टाकून बघितली तर किती जनांची शेपटी वाकडी! काहींच्या कल्ल्यावरचं झाकनच नाय, आतलं लाल दिसतं. वाढ म्हनशील तर गेल्या वर्षीची रोहू अजून तळहातावर मावते. आनि रोहू तरी कसं म्हनू? अंग रोहूचं, डोकं कटल्याचं. मला तर वाटतं माझेच डोळे गेले.

माझ्याकडून बोटुकली नेनारा उलव्याचा एक जन परवा आला. बादलीभर वाकडी पिल्लं अंगनात ठेवली आनि कायपन न बोलता निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझा दादा म्हनाला पानी बदल, बदललं. पेंड बदल, बदलली. आता म्हनतो रंजूला विचार, ती कॉलेजात मुलांना जीवशास्त्र शिकवते, तिचा कधीतरी घराला उपयोग होऊ दे. हे त्याचे शब्द हायेत, माझे नाय.

ही मासळी माझ्याबरोबर आली ते तुला आठवत असेल. आमच्या करंजवाडीची रीतच ती, लेक सासरी निघाली की गावच्या तळ्यातली मूठभर बोटुकली हंडीत घालून द्यायची. वरातीत सगळ्या बायका माझं तोंड बघायचं सोडून हंडीत बघत होत्या, आनि तू हंडीत हात घालून आईंचा मार खाल्लास.

उत्तर लवकर दे.

तुझी
पुतळा वहिनी


जुईनगर
१७ जानेवारी २०२४

वहिनी,

पत्र पोचलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कोर्टाची नोटीस आहे का?" हल्ली हाताने लिहिलेलं पाकीट कोणी बघितलेलंच नसतं. धनेशला चहा दिला, बिस्किटंही दिली. रागव.

मी वर्गात बेडूक शिकवते ग, तळी नाही. तरी दोन रात्री वाचलं, एका मैत्रिणीला विचारलं. मला वाटतं ही कसली लागण नाही, हे नात्याचं दुखणं आहे. तुझी सगळी मासळी एका हंडीतून आलेली. भाऊ-बहीण, काका-पुतणी, सगळ्यांची लग्नं तू घरातल्या घरात लावून दिलीस, तीही इतकी वर्षं. आपण सोयरीक जुळवताना कूळ विचारतो, देवक विचारतो, आत्या चार घरं फिरून येते. माशांच्या बाबतीत कोण फिरलं?

आता मला खरं सांग. हंडीनंतर बाहेरून कधी दुसरी मासळी आणलीत का? कुठून? आणि पिल्लांसाठी आईबाप म्हणून कोणती मासळी ठेवतेस?

सरळ बोलू? तळं उपसून टाक. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की पंप लाव, जुनी मासळी सगळी विक, चुना मार, तळ कडक वाळू दे आणि खात्रीच्या ठिकाणाहून नवीन बी, म्हणजे पिल्लं, आण. एक वर्ष त्रास होईल, पण टेन्शन कायमचं जाईल.

दादाला सांग, घराला माझा उपयोग झाला.

रंजिता


जासई
२ फेब्रुवारी २०२४

रंजू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आनि तुझ्या दादाला एकदा वाचून दाखवलं. घरातल्या घरात लग्नं हे ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला नाय हसू आलं.

बाहेरून आनली का म्हनतेस. तुझा दादा एकदा तुर्भ्याहून ऑक्सिजन भरलेली पिशवी घेऊन आला, रोहू म्हनून. मोठी झाली तर निम्मी कटला. मग एका पावसात शेजारच्या शेततळ्याचा बांध फुटला, त्यातली किती आपल्यात आली आनि आपली किती तिकडे गेली, ते त्या पान्यालाच माहीत. त्यातली किती उरली, किती विकली, मला काय माहीत? मासळी काय कपाळावर गाव लिहून फिरते?

आईबाप कोनते ठेवते, तर लहान. मोठी मासळी बाजारात जाते ना! लहान मासळी इंजेक्शन द्यायला बरी, हातात धरता येते, उड्या मारून तोंड फोडत नाय. सगळेच असं करतात.

तळं उपसायचं नाय. बाकी काय सांगशील ते करीन. उपसायचं नाय म्हनजे नाय, परत विचारू नको.

पुतळा


जुईनगर
१० फेब्रुवारी २०२४

वहिनी,

कपाळाला हात लावून बसले आहे. अंगापिंडाने चांगली पोरं सगळी बाजारात धाडलीस आणि रोडकी, बुटकी घरी ठेवून त्यांचा वंश वाढवलास? वर विचारतेस रोहू तळहातावर का मावते! अग, आजपासून मोठी ठेव, लहान विक. दादाच्या तोंडावर मासळीने उडी मारली तर मारू दे.

तळं उपसायला नाही का म्हणतेस ते माझ्या लक्षात आलं. दादा अडवतोय ना? त्याला नवीन काही करायचं म्हटलं की अंगात येतं, हा स्वभाव मी लहानपणापासून बघते. म्हणून याच पाकिटात त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. जरा कडक लिहिलंय. तू मध्ये पडू नको.

उपसायचंच नसेल तर दुसरा रस्ता आहे. लांबच्या तळ्यातले नर आण, ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही असे. त्यांचं आणि आपल्या माद्यांचं बी काढ. मात्र नीट चौकशी कर. सोयरीक करताना करतो तशी. तळं कोणाचं, बाईचं माहेर कुठलं, मासळी आली कुठून, सगळं विचार.

आणि नव्या नरांच्या शेपटीचा एक कोपरा कातर, म्हणजे आपल्या गर्दीत हरवणार नाहीत.

रंजिता


जासई
५ मार्च २०२४

रंजिता,

तुझ्या चिठ्ठीनं काय केलं ते आधी ऐक. तुझ्या दादानं ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आनि ताटावरून उठला. वालाची आमटी होती, त्याच्या आवडीची. दोन दिवस माझ्याशी फक्त "हो" आनि "नाय" बोलत होता. तो बिचारा तर पहिल्या दिवसापासून म्हनतो, रंजू म्हनते तर उपसूया. मीच नाय म्हनते. मी. तुला कोनी सांगितलं मनानं गोष्टी रचायला? एवढी शिकलीस आनि विचारायचं सोडून ठरवून मोकळी होतेस.

बरं. नर मिळाले. पनवेलला मासळीच्या ट्रेनिंगला मला वैजयंती म्हनून एक भेटली होती, पेनच्या पुढं तिच्या सासरचं तळं हाय. इथून किती लांब! तू म्हनालीस तशी सगळी चौकशी केली. तिचं माहेर रेवदंड्याकडचं, आपल्या गावाशी संबंध नाय, कुळाशी नाय. मासळी कुठून आली विचारलं तर म्हनाली, सासरची जुनी हाय, मी आले तेव्हापासून हाय. मग धनेशचा टेम्पो नेला, टाकीत पानी भरून, मोठेमोठे नर निवडून आनले. शेपटी कातरली. तुझा दादा कातरी धरून उभा होता आनि प्रत्येक माशाला म्हनत होता, "ये जावईबापू."

दादाला पत्र लिही. गोड लिही.

पुतळा


जुईनगर
१२ मार्च २०२४

वहिनी,

चुकले. दादाला वेगळं पत्र दिलंय, त्यात तीन वेळा चुकले लिहिलंय. वाचून हसला तर सांग, नाहीतर मीच येते.

पण मग तू का नाही म्हणतेस? मला काही समजत नाही. तू कधी अशी हट्टी नव्हतीस. बरं, सांगायचं नसेल तर नको सांगू.

जावई मंडळी लांबची आहेत हे ऐकून जीव भांड्यात पडला. सोबत स्पिरिटच्या छोट्या बाटल्या पाठवते. तुझ्या माशांच्या आणि नव्या नरांच्या परांचे बारीक तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत घाल, वर नावं लिही. माझी मैत्रीण ते लॅबमध्ये देणार आहे, कोणती रोहू, कोणतं मिसळलेलं, ते तरी कळेल.

रंजिता


जासई
२८ जुलै २०२४

रंजू,

हसू नको आनि रागावू नको. परत वाकडी.

आम्ही सगळं तू सांगितलं तसं केलं. मोठ्या माद्या घेतल्या, जावई घेतले, इंजेक्शन दिलं, जाळीच्या पिंजऱ्यात वेगळं ठेवलं. अंडी फुटली तेव्हा तर वाटलं जिंकलो. आता पिल्लं दिसायला लागलीत आनि शेपट्या वाकड्या. तुझा दादा म्हनतो गेल्या वर्षीपेक्षा जास्त. मी म्हनते तेवढीच. पन कमी तर नायच.

आता मला सांग, लांबचं रक्त आनलं तरी हेच, मग दोष कोनाचा? पान्याचा? बाजूला दिवसरात्र कंटेनर चढउतार चालते, त्याचा? का मीच अपशकुनी? वैजयंतीला फोन केला तर ती म्हनाली, "ताई, आमच्याकडे पन थोडी वाकडी निघतात, मला वाटलं सगळीकडेच निघतात." हे आधी सांगायला हिला काय झालं होतं? आनि मी तरी विचारलं कुठं? आपन माहेर विचारलं, कूळ विचारलं, तुझी शेपटी सरळ हाय का ते विचारायचं राहिलं.

बाटल्यांचं काय झालं? मार्चमध्ये दिल्या होत्या. तुझ्या मैत्रिनीनं ते तुकडे तळून खाल्ले की काय?

पुतळा


जुईनगर
६ सप्टेंबर २०२४

वहिनी,

बाटल्यांचं उत्तर आलं आणि मी आणखीच गोंधळले.

पहिलं, तुझ्या तळ्यातली बरीच मासळी निखळ रोहू नाही, निखळ कटलाही नाही, मध्येच काहीतरी आहे. ते आपल्याला डोळ्यांनी दिसतच होतं. दुसरं मात्र विचित्र आहे. लॅबवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन तळी म्हणता, पण हे नर आणि या माद्या एकाच घरातल्या वाटतात. मावस-चुलत तरी नक्की."

वहिनी, राग मानू नको, पण बाटल्यांची अदलाबदल झाली नाही ना? घाईत एकाच माशाचे तुकडे दोन्हीकडे गेले नाहीत ना? पेणचे मासे जासईच्या माशांचे भाऊ कसे असतील? नाहीतर लॅबच चुकली. मला तर वर्गात शिकवताना पण आता भरवसा वाटत नाही, कालच एका मुलीने साधा प्रश्न विचारला आणि मी उद्या सांगते म्हणाले.

नीट आठवून सांग.

रंजिता


जासई
१९ जानेवारी २०२५

रंजू,

इतके महिने मी लिहिलं नाय. तू बाटल्यांवरून बोललीस ते मला लागलं होतं. मी नववी शिकलेली असले तरी दोन बाटल्या वेगळ्या ठेवायची अक्कल हाय मला. पन आता राग गेला, आनि का गेला ते सांगते.

संक्रांतीचं हळदीकुंकू वैजयंतीनं ठेवलं होतं, मला आग्रहानं बोलावलं. गेले. तिची सासू आतल्या खोलीत असते, पायानं अधू, पन कान शाबूत. मी कोन म्हनून विचारलं. म्हटलं, मी पुतळा, जासईची, माहेर करंजवाडी, तळेकरांचं. तर ती म्हातारी पलंगावरून उठायला बघते! म्हनाली, "अगो, तळं राखनाऱ्या तळेकर नानांची पोर तू? मला नानांनीच हंडी भरून दिली होती!"

रंजू, ती करंजवाडीची. माझ्या आधी कितीतरी वर्षं लग्न होऊन गेलेली. मी वैजयंतीचं माहेर विचारलं होतं ग. सासूचं माहेर कोन विचारतं? पेनपर्यंत टेम्पो नेऊन मी माझ्याच बाबांची मासळी परत घेऊन आले, आनि तुझा दादा तिला जावईबापू म्हनत होता. आम्ही दोघी आधी हसलो, मग म्हातारी रडायला लागली, मग मी. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना काय कळेना, त्या वान हातात घेऊन उभ्या.

तू विचारलं होतंस ना, का नाय म्हनतेस. आता सांगते. करंजवाडीचं तळं राहिलं नाय. बाबा गेले आनि त्याच्या पुढच्या वर्षी जमीन गेली, तळं बुजवलं, आता तिथं कंटेनर एकावर एक रचलेत. बाबा जिथं बसायचे ती जागा मला दाखवता येत नाय. कितीदा जाऊन बघितलं, कळतच नाय कुठं होतं ते. भाऊ पैसे घेऊन निघून गेला. बाबांचं म्हनून जिवंत असं माझ्या तळ्यातच उरलं होतं. ते मी पंप लावून उपसू? हे तुला पत्रात लिहायला लाज वाटायची, मासळीसाठी कोन रडतं?

आता कळतंय की ती फक्त माझ्याकडे नव्हती. करंजवाडीच्या किती पोरी किती गावांत गेल्या, सगळ्यांबरोबर हंडी. म्हनजे बरं झालं का वाईट? मला आनंद झाला, आनि लगेच वाटलं, मग या सगळ्याच गावांत वाकडी पिल्लं निघत असतील. माझं डोकं चालत नाय. तू सांग, उपसू का ठेवू? तू सांगशील ते करते.

वहिनी


जुईनगर
३० मार्च २०२५

वहिनी,

इतका उशीर झाला म्हणून शरम वाटते. बारावीच्या प्रॅक्टिकल्स, मग पेपर, मग पेपर तपासणं. तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होते. स्टाफरूममध्ये वाचलं आणि सगळ्यांसमोर रडले. बाटल्यांबद्दल बोलले त्याची माफी माग म्हणालीस तर तुझ्या दाराच्या पायऱ्यांवर उभी राहून मागते.

वहिनी, उपसू नको!

मी लॅबवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, एका तळ्यातली असली तरी ती इतकी वर्षं वेगवेगळ्या गावांत वाढली, प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी टिकलं असेल. तुमच्या दोन तळ्यांत नशीब फुटकं निघालं, पण पाच-सहा लेकींच्या तळ्यांतली एकत्र आणली आणि मोठी मोठी निवडत गेलात तर चांगला वाण निघूसुद्धा शकतो. निघेलच असं तो म्हणाला नाही. मला स्वतःला नीट कळलंय असंही नाही. पण मी आधी "उपस, उपस" करत होते ते नुसत्या पुस्तकावरून. म्हातारीकडून गावच्या पोरींची नावं घे. सुट्टीत मी येते, आपण दोघी धनेशच्या टेम्पोत बसून गावोगाव फिरू. तोपर्यंत पंपाला हात लावू नको.

तुझीच
रंजू


जासई
३ एप्रिल २०२५

रंजू,

धनेश तुझं पाकीट घेऊन आला तेव्हा मी तळ्याच्या काठावर चुन्याच्या गोनी मोजून घेत होते. तळ कोरडा पडलाय, भेगा गेल्यात.

तुझा दोष नाय. मी वाट बघितली, मग वाट बघायची थांबले. तो उलव्याचा मानूस परत आला होता. मला वाटलं भांडायला आला. तर म्हनाला, "वहिनी, आमच्या तळ्यात तुमची जुनी पिल्लं होती, त्यांची पन पिल्लं वाकडी निघाली, आता मी काय करू?" बाबांची आठवन म्हनून मी काय वाटत होते लोकांना? बाबांनी हे एक दिवस चालवून घेतलं नसतं. त्यांनी वाकडं पिल्लू कोना लेकीच्या हंडीत घातलं नसतं.

पंप लागला तेव्हा तुझा दादा माझ्याकडे बघत होता, मी रडते का ते बघायला. नाय रडले. जाळं ओढलं, धनेश भरून भरून घेऊन गेला. तुझं पत्र वाचल्यावर मात्र रडले, तुझ्या दादासमोरच. बरोबर केलं का चूक, नाय माहीत मला. वैजयंती तिचं तळं उपसत नाय, तिला तुझं पत्र वाचून दाखवीन. तू सुट्टीत येच. माझ्याकडे आता आनन्यासारखं काय नाय, पन टेम्पोत बसायला मी येईन.

एक गोष्ट कोनाला सांगितली नाय ती तुला सांगते. बाबा गेल्यापासून मी आपल्या तळ्याची मासळी खाल्ली नव्हती. घरात सगळ्यांना करून घालायचे, स्वतः भात आनि आमटी. कोनाच्या ध्यानात पन आलं नाय. पंप लागला त्या दिवशी जाळ्यातली शेवटची एक मोठी मी धनेशला दिली नाय. घरी आनली, कोकमाचं आगळ घालून कालवन केलं आनि तुझ्या दादाबरोबर बसून जेवले.

चिखलाचा वास येत होता ग मासळीला. करंजवाडीच्या मासळीला यायचा तसाच. लहानपनी त्या वासासाठी मी ताट सरकवायचे आनि बाबा रागवायचे. त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.

पुतळा वहिनी